सुरक्षितता : एक सामाईक विद्या

वडोदरे शहरातील प्रतापनगर हा भाग आगगाडीच्या शिट्टीबरोबर वाढला. पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचे कार्यालय येथेच आहे. गायकवाडी संस्थानाने डभोई ते मियागाम हा अरुंद लोहमार्ग १८६२ साली घातला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत असत. पुढे वाफेची इंजिने आली, मार्गांचे जाळे पसरले आणि प्रतापनगर हे त्या जाळ्याचे एक महत्त्वाचे ठिकाण बनले. १७ जानेवारी २०२१ पासून येथून केवडियापर्यंत रुंद मार्गावरील विजेची गाडी धावू लागली. बैलांच्या काळी एखादा डबा रुळांवरून घसरला, तर नुकसान तेवढ्याच जागी राही. जाळे जसजसे वाढते, तसतशी एका ठिकाणची चूक दूरच्या माणसाला भोवू लागते. संगणकांच्या जगात आज जी चिंता सर्व राष्ट्रांना लागून राहिली आहे, तिचे मूळ याच गोष्टीत आहे.

रेल्वेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. इंग्लंडमध्ये नॉरिच शहराजवळ थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे प्राणांस मुकली. निरोपांच्या घोटाळ्यामुळे दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी सोडल्या गेल्या होत्या. या अपघाताने अस्वस्थ झालेल्या एडवर्ड टायर या अभियंत्याने १८७८ मध्ये एक यंत्रपद्धती सिद्ध केली. दोन स्टेशनांतील यंत्रे तारेने जोडलेली असत. पलीकडच्या स्टेशनमास्तराने संमती दिल्यावाचून अलीकडच्या यंत्रातून टोकन निघत नसे आणि टोकन हाती आल्यावाचून चालक गाडी पुढे नेत नसे. अशा टोकनांच्या पद्धती पुढे भारतातही रूढ झाल्या. परक्या देशातील २५ मृतांनी शिकविलेला धडा इकडील असंख्य प्रवाशांच्या कामी आला.

असा धडा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे नेण्यासाठी विद्यालय लागते. प्रतापनगरजवळ लालबागेतील प्रतापविलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वे स्टाफ कॉलेजचे काम सुरू झाले. त्यालाच आज भारतीय रेल्वे राष्ट्रीय अकादमी म्हणतात. भारतीय अधिकाऱ्यांबरोबर परदेशांच्या रेल्वे अधिकाऱ्यांनीही येथे शिक्षण घेतले आहे. त्याच आवारातील वाहतूकविषयक संस्थेला २०२२ च्या कायद्याने गतिशक्ती विश्वविद्यालय या नावाने केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

संगणकांच्या जाळ्याचा 'थॉर्प' २ नोव्हेंबर १९८८ रोजी घडला. अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंप्रसारी कार्यक्रम हजारो संगणकांत शिरला आणि ते ठप्प झाले. निरनिराळ्या विद्यापीठांतील जाणकार उपाय शोधीत होते. परंतु संसर्गाच्या भयाने अनेकांनी आपले संगणक जाळ्यापासून तोडले होते. त्यामुळे एकाला सापडलेला उपाय दुसऱ्यास कळेना. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीसाठी पहिले मदत-पथक उभे राहिले. १९९० मध्ये अशा पथकांची 'फर्स्ट' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारताचे 'सर्ट-इन' हे पथक २००४ साली कामास लागले.

तरीही शिक्षण अपुरे पडले, हे २०१७ साली दिसून आले. मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर कार्यक्रम सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे अडली आणि जर्मनीच्या स्टेशनांत गाड्यांच्या वेळा दाखविणाऱ्या फलकांवर खंडणीची मागणी झळकली. ज्या भोकातून हा कार्यक्रम आत शिरला, ते अमेरिकेच्या एका गुप्त सुरक्षा-संस्थेस आधीपासून ठाऊक होते. तिने तयार केलेले हत्यार चोरीस जाऊन उघड्यावर आले होते. ते भोक बुजविण्याची दुरुस्ती मार्चमध्येच प्रसिद्ध झाली होती. मात्र जगभर लाखो यंत्रांवर ती बसविण्यात आली नव्हती. अखेर इंग्लंडमधील एका तरुण अभ्यासकाने त्या कार्यक्रमातील एक खोच ओळखली आणि साथीचा वेग खुंटला.

पुढच्याच महिन्यात युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालीतून 'नॉटपेट्या' निघाला. मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीचे व्यवहार त्याने कोलमडून पाडले आणि त्याची झळ थेट न्हावाशेव्यापर्यंत पोहोचली. जवाहरलाल नेहरू बंदरात त्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कीव्हमधल्या हिशेबनिसाच्या टेबलावरची चूक रायगड जिल्ह्यातील मालमोटार-चालकाच्या वाट्यास आली. या चालकाचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही एका राष्ट्राच्या सीमेत मावत नाही.

म्हणूनच आता राष्ट्रे एकत्र सराव करू लागली आहेत. २००७ मध्ये एस्टोनियातील बँका, वृत्तपत्रे व सरकारी कचेऱ्या यांच्या संगणकांवर हल्ल्यांचा भडिमार झाला. पुढील वर्षी त्या देशाच्या टालिन या राजधानीत नाटो गटाशी संलग्न असे सायबर-संरक्षणाचे केंद्र स्थापन झाले. २०१० पासून चालत आलेल्या तेथील सरावात निरनिराळ्या देशांची पथके एका काल्पनिक राष्ट्राच्या यंत्रणांचे रक्षण करतात. आशिया-प्रशांत विभागातील पथकेही दरवर्षी असा संयुक्त सराव करतात आणि सर्ट-इन त्या संघात आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आज शेजारी बसून संरक्षण शिकणारा उद्या तीच विद्या आक्रमणासाठी वापरणार नाही कशावरून? कुलूप कसे बसवावे हे ज्यास कळते, त्यास ते कसे उघडावे हेही कळते. ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही, आणि प्रत्येक राष्ट्र काही गुपिते राखणारच. तथापि वर सांगितलेली मोठी हानी दुरुस्ती उपलब्ध असलेल्या भोकातून झाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पोलंडात सुमारे २० गाड्या थांबविल्या गेल्या, त्या तर साध्या रेडिओ-संकेतांनी. त्या जुन्या पद्धतीत संकेत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोयच नव्हती. अशा दुबळ्या जागांची माहिती लपवून ठेवल्याने चोराचे काहीच बिघडत नाही. रखवालदार मात्र अंधारात राहतो.

सहकार्यासाठी मैत्री असलीच पाहिजे असेही नाही. टोकनाच्या यंत्रापुढे बसलेल्या दोन स्टेशनमास्तरांचे आपसांत सख्य असो वा नसो, मार्ग दोघांचा असतो आणि नियम दोघांस सारखा बांधतो. संकटाच्या रात्री पलीकडे कोणास हाक मारावयाची, तो कोणती भाषा समजतो आणि त्याच्या शब्दावर किती विसंबावे, हे आधी एकत्र शिकल्यानेच कळते.

मोठी अडचण निराळीच आहे. आपली चूक जगापुढे मांडण्यास संस्थांना लाज वाटते. भारताने २०२२ मध्ये सायबर-घटनेची वर्दी ६ तासांच्या आत सर्ट-इनला देण्याचा निर्बंध घातला, ही योग्य दिशा होय. परंतु वर्दीचे रूपांतर पाठात झाले, तरच तिचा उपयोग इतरांस होतो. थॉर्पच्या अपघाताची चौकशी उघडपणे झाली, म्हणूनच तिच्यातून विद्या निर्माण झाली. प्रतापनगरच्या परिसरात ज्या वर्गांत देशोदेशींचे अधिकारी शेजारी बसून रेल्वे-अपघातांची कारणे तपासत आले, तशाच वर्गांत संगणकीय अपघातांचीही मोकळेपणाने चिकित्सा व्हावी. स्वतःची चूक शेजाऱ्यास सांगण्याचे धैर्य हाच सामाईक संरक्षणाचा पहिला धडा आहे.