गाडलेले ओंडके आणि एक ग्रॅम रेडियम

२० मे १९२१. व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष हार्डिंग यांनी मारी क्युरी यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिले. त्याची किंमत १ लाख डॉलर. ती अमेरिकन स्त्रियांनी वर्गणीतून उभी केली होती. हे रेडियम काढले होते कोलोरॅडोच्या वालुकाश्मात सापडणाऱ्या कार्नोटाइट या पिवळ्याजर्द खनिजातून.

ते तिथे आले कसे? सुमारे २२ ते १५ कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशातून नद्या वाहत होत्या. पुरात उन्मळलेली झाडे आणि पालापाचोळा त्यांच्या वाळूत गाडला जाई. युरेनियमचा एक गुण येथे निर्णायक ठरला: प्राणवायू असलेल्या पाण्यात तो विरघळून दूरवर वाहत जातो, प्राणवायू संपला की साक्यासारखा खाली बसतो. भूजल वाळूतून झिरपत कुजत्या लाकडापाशी पोहोचे आणि तिथेच आपला युरेनियम सोडून पुढे जाई. हे लाखो वर्षे चालले. लाकडाची पेशी न् पेशी काळ्या खनिजाने भरली. पुढे हवा लागलेल्या भागात व्हॅनेडियमच्या साथीने त्याचे पिवळे कार्नोटाइट झाले. खाणकामगारांना कधी कधी अख्खा ओंडकाच खनिज होऊन पडलेला सापडे!

माणसाने मात्र या खनिजाची किंमत तीनदा बदलली. प्रथम हवे होते रेडियम. निसर्गात एका ग्रॅम रेडियममागे सुमारे ३ टन युरेनियम असतो. त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. काँगोतील समृद्ध खनिज बाजारात येताच कोलोरॅडोचा रेडियम-धंदा बसला. मग पोलादासाठी व्हॅनेडियम काढले जाऊ लागले आणि युरेनियम गाळाच्या ढिगाऱ्यांत गेला. दुसऱ्या महायुद्धात मॅनहॅटन प्रकल्पाने तेच ढिगारे गुपचूप उपसले.

१९४४ ते १९८६ या काळात एकट्या नवाहो भूमीतून जवळपास ३ कोटी टन खनिज निघाले. सुरुवातीच्या खाणींत हवा खेळवण्याची सोय जवळजवळ नव्हतीच; रेडॉन वायू आतच साठे. अशा खाणींतील फुप्फुसाचा कर्करोग जर्मनीत १८७९ मध्येच नोंदला गेला होता, त्यामुळे अज्ञानाची सबब टिकत नाही. १९५० पासून अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेचे डॉक्टर या कामगारांना तपासत होते, परंतु धोका त्यांना सांगितला जात नव्हता.

१९९० मध्ये भरपाईचा कायदा झाला. खाणकामगारामागे रक्कम ठरली १ लाख डॉलर. विधवांकडे विवाहाचा लेखी पुरावा मागितला गेला. पारंपरिक नवाहो विवाहांची कागदोपत्री नोंद पुष्कळदा कुठेच नव्हती.