खिद्रापूर

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठचे ऐतिहासिक गाव. ते कोल्हापूरच्या पूर्वेस सुमारे ६० किमी. अंतरावर असून नृसिंहवाडी–कुरुंदवाडमार्गे तेथे जाता येते. नदीच्या वळणामुळे गावाच्या तीन बाजूंना पाणी आहे. पैलतीरावरचे जुगूळ कर्नाटकात मोडते. खिद्रापूरचे जुने नाव कोप्पम. चोल व कल्याणीचे चालुक्य यांच्यात अकराव्या शतकात झालेली कोप्पमची लढाई येथेच झाली, असे काही अभ्यासक मानतात. त्यावर एकमत नाही.

गावाची ख्याती कोपेश्वर मंदिरामुळे आहे. बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळात त्याची उभारणी झाली व ती राजा गंडरादित्याच्या नावाशी जोडली जाते. पुढे यादव राजा सिंघण याने शिलाहार भोज दुसरा याचा पराभव करून हा मुलूख घेतला. मंदिराला त्याने दिलेल्या दानाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा संस्कृत शिलालेख येथे आहे. सत्ता बदलली तरी देवाची पूजाअर्चा चालू राहिली, हे त्यावरून दिसते.

पूर्वेकडून प्रथम लागतो तो स्वर्गमंडप. मंदिराचा सर्वांत विलक्षण भाग हाच. ४८ खांबांच्या या मंडपाचे छत मधोमध उघडे असून त्या वर्तुळाचा व्यास सुमारे १३ फूट आहे. त्याच्या नेमकी खाली तेवढीच गोल अखंड शिळा बसवली आहे. सभोवतीच्या १२ खांबांवर कार्तिकेय व दिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरलेले आहेत. पुढे सभामंडप, अंतराळ व गर्भगृह येते. बाहेरच्या भिंतींचा भार गजथराने पेलला आहे; यातील कित्येक हत्तींच्या सोंडा मात्र आज शाबूत नाहीत.

गर्भगृहात कोपेश्वर (शिव) व धोपेश्वर (विष्णू) अशी दोन लिंगे आहेत, पण समोर नंदी नाही. दक्षयज्ञाला निघालेली सती नंदीवर बसून गेली, म्हणून तो कृष्णेपलीकडे यडूरला आहे. सतीच्या देहत्यागाने कोपलेल्या शिवाची समजूत विष्णूने काढली, अशी लोककथा आहे. गावात आदिनाथाचे जुने जैन मंदिरही आहे. कोपेश्वरापुढे त्याकडे पाहुण्यांचे लक्ष कमीच जाते, वास्तविक तेही पाहण्याजोगे आहे.

कृष्णेच्या गाळाने येथील जमीन कसदार केली. उसाची शेती त्यावरच उभी आहे. तीच नदी पावसाळ्यात गाव वेढते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचा तडाखा या परिसराला बसला. त्यामुळे गाव पाहण्यास पूर ओसरल्यानंतरचा, भाद्रपद सरून आश्विन लागतानाचा काळ सोयीचा. तेव्हा वाटा सुकू लागतात, ऊस उंच झालेला असतो आणि सकाळच्या तिरप्या उन्हात काळ्या पाषाणातील कोरीवकाम स्पष्ट उठून दिसते.

शरदाच्या शेवटी त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो व त्याचा प्रकाश स्वर्गमंडपाच्या छतातील वर्तुळातून खालच्या शिळेवर पडतो. कोजागरीचा चंद्र सर्वसाधारणपणे याहून दक्षिणेकडे राहतो, म्हणून हा योग कार्तिकातच साधतो. त्या रात्री गर्दी फार होते. शिल्पे निवांत पाहायची असल्यास आश्विनातले दिवसच बरे.