झिजलेल्या नळीचा पुनर्जन्म

१८५७ च्या उठावाचा पाठ शिकविताना चरबीच्या काडतुसांची हकीकत आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु ते काडतूस ज्या नळीत भरावयाचे, त्या नळीचे पुढे काय झाले, याविषयी पाठ्यपुस्तकात एक ओळही नसे. वास्तविक राज्यकर्त्यांचे मन १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यापेक्षा या नळीतच अधिक स्पष्ट दिसते. आपल्या कित्येक ज्ञातिबांधवांच्या घरी लष्करात वा पोलिसांत चाकरी केलेली माणसे आहेत. म्हणून तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रायफलच्या नळीस आतून मळसूत्री आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व दूरवर नेमकी लागते. परंतु प्रत्येक बाराबरोबर तप्त वायू आटे खात जातो आणि अखेर नेम सुटतो. १८९१ च्या सुमारास इंग्रजांनी काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट घेतले, तेव्हा मेटफर्ड पद्धतीचे उथळ आटे इतक्या लवकर झिजू लागले की, १८९५ मध्ये एनफील्ड पद्धतीचे अधिक खोल आटे स्वीकारणे भाग पडले. तथापि आटे गेले तरी नळीचे पोलाद शाबूत असते. ती आतून रुंद करून काडतुसाचे घर निराळ्या मापाने कोरले, तर तिला दुसरा जन्म मिळतो.

जुन्या नळीस नव्या कामास लावणे इंग्रजांस अपरिचित नव्हते. जेकब स्नायडर याच्या योजनेनुसार १८६६ पासून, तोंडाकडून ठासून भरावयाच्या एनफील्ड बंदुकांच्या नळीचे बूड कापून तेथे उघडझाप करणारी झडप बसविण्यात आली. नळी जुनीच राहिली. पण मिनिटास सुमारे तीन बारांऐवजी दहा बार होऊ लागले. येथे जुन्या वस्तूचा गुण वाढला.

आपल्या देशात मात्र उलट घडले. १८५७ नंतर हिंदी शिपायांकरिता एनफील्ड नमुन्याच्याच, पण आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका करण्यात आल्या. गोऱ्या पलटणींच्या हाती लांब पल्ल्याचे हत्यार व हिंदी शिपायाच्या हाती आखूड पल्ल्याचे, असा हा बंदोबस्त होता.

विसाव्या शतकात हीच रीत निराळ्या रूपाने पुन्हा आली. कलकत्त्यानजीक हुगळीकाठी इशापूर येथे १९०४ मध्ये सरकारी रायफल कारखाना स्थापन झाला. लष्करात वापरून झालेल्या थ्री नॉट थ्री रायफली तेथे पालटून पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी मस्केटी बनविण्यात आल्या. ०·३०३ इंचाची नळी ०·४१० इंचापर्यंत रुंद करून गुळगुळीत केली जाई. काडतुसाच्या घराची निमुळती मान कोरून ते सरळ केले जाई, आणि पेटीत लाकडी ठोकळा बसवून एका वेळी एकच बार होईल अशी तजवीज असे. या मस्केटीत लष्कराचे काडतूस घातले, तरी बारीक गोळी रुंद नळीत सैल पडून नेम राहत नसे. आणि मस्केटीचे काडतूस लष्करी रायफलीत जात नसे. जुने पोलादही कामी आले आणि पोलिसाच्या हातचे हत्यार बंडाच्या उपयोगी पडण्याचे भयही कमी झाले!

स्वातंत्र्यानंतरही या मस्केटी अनेक ठिकाणच्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके राहिल्या. शत्रूपाशी दूर मारणारे हत्यार असता शिपायापाशी एकाच बाराची मस्केट असावी, ही परकीय सत्तेच्या अविश्वासाची किंमत आपल्याच माणसांनी पुढेही मोजली. त्यांतील कित्येक मस्केटी पुढे अमेरिकेत विकल्या गेल्या, आणि तेथील छऱ्यांच्या काडतुसांसाठी त्यांची घरे आणखी एकदा कोरण्यात आली. एका नळीचे असे तीन जन्म झाले.

जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या आपल्या घरांस काटकसर शिकविण्याचे कारण नाही. काटकसर हा सद्गुणच होय. परंतु जुने देताना त्याचा गुण काढून घेऊन दिले, तर ती काटकसर न राहता अविश्वास होतो. गरजू विद्यार्थ्यांस आपण जुनी पुस्तके देतो, धाकट्यास थोरल्याची सायकल देतो. तेव्हा स्नायडरची रीत पाळावी, इशापूरची नव्हे. वस्तू जुनी असली तरी घेणाऱ्याचे बळ तिने वाढावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.