चित्रपटाचे वेष्टन आणि नाटकाचे पत्रक

१

ज्या १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, त्याच साली भारतात रंगीत दूरदर्शन प्रक्षेपणास आरंभ झाला. पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकाने तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. पुढे कॅसेटची जागा व्हीसीडीने व तिची जागा डीव्हीडीने घेतली. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली, तेव्हा जुने चित्रपट भाड्याने आणण्याऐवजी विकत घेणेही सामान्य कुटुंबास शक्य झाले. आता ही तबकडीही मागे पडली आहे. परंतु मधल्या पाव शतकात वनप्रदेशातील एका संपूर्ण पिढीला प्रभातचे चित्रपट प्रथम भेटले ते पडद्यावर नव्हे, तर दुकानाच्या फळीवर मांडलेल्या वेष्टनाच्या रूपाने.

हे वेष्टन इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचे उत्तर शोधताना झाडीपट्टीतील नाटकांच्या जाहिरातपत्रकाशी त्याची तुलना केली आहे. ही तुलना प्रथमदर्शनी विजोड वाटेल; परंतु वेष्टनात काय हरवले, हे या पत्रकावरूनच स्पष्ट होते.

२

वेष्टनाचे कुळ भित्तिपत्रकात, म्हणजे रूढ भाषेत पोस्टरमध्ये आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ते कोल्हापुरात आहे. बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) हे आधी चित्रकार व मग चित्रपटकार. ‘सैरंध्री’ (१९२०), ‘सिंहगड’ (१९२३) व ‘सावकारी पाश’ (१९२५) हे चित्रपट निर्माण करणाऱ्या या कलावंताने आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही रंगविली. दामले व फत्तेलाल यांची घडण त्यांच्याच हाताखाली झाली. १९२९ साली या दोघांसह पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली, व १९३३ साली ती पुण्यास गेली. चित्रपटाचे नेपथ्य उभारणारा हात आणि त्याची जाहिरात कल्पिणारा हात या परंपरेत एकमेकांपासून फार दूर नव्हते.

भारतात रूढ असलेले साधे भित्तिपत्रक तीस इंच बाय चाळीस इंचांचे असे. त्यात नायकनायिकेच्या मुद्रांखेरीज राजवाडा, रणांगण, जमाव, एखादा प्रसंग इतका ऐवज सहज मावे. डीव्हीडीच्या वेष्टनाची दर्शनी बाजू सुमारे १९ सेंटिमीटर उंच व साडेतेरा सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने भित्तिपत्रकाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतकी असते. रस्त्यावरून पाहावयाचे चित्र तळहातावर आले, तेव्हा प्रसंग गळाला आणि मुद्रा तेवढी राहिली. यात वेष्टन रचणाऱ्याचा दोष नाही. तो आकाराचा धर्म आहे. परंतु ज्या चित्रपटात समुदाय हाच नायक आहे, त्याचेही वेष्टन दोन चेहऱ्यांचे होते, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

रंगाविषयीही असाच विवेक हवा. कृष्णधवल चित्रपटाचे भित्तिपत्रक रंगीत असे. म्हणून रंग हाच असत्य, असे म्हणता येणार नाही. मात्र हाताने काढलेले चित्र आपण चित्र आहोत हे लपवीत नाही. उलट कृष्णधवल छायाचित्रावर रंग चढविलेले वेष्टन चित्रपटातीलच एक चौकट असल्याचा आभास निर्माण करते. प्रभातने १९३३ साली ‘सैरंध्री’ चित्रपटाचे रंगीत मुद्रण जर्मनीत करून घेतले होते. त्या वेष्टनावरील रंगाला ऐतिहासिक अर्थ आहे. ‘कुंकू’ किंवा ‘माणूस’ यांच्या वेष्टनावरील रंग हा मुद्रकाचा. हा भेद वेष्टन स्वतः सांगत नाही.

३

आता झाडीपट्टीकडे वळू. धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील गावोगावी रात्रभर नाटके होतात. मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने पाहुणे जमतात आणि रात्री नाटक असते. दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांच्या भूमीत वाढलेल्या या रंगभूमीचे व्यावसायिक केंद्र वडसा (देसाईगंज) हे आहे. तेथेच नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. २०२३ साली या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष तिकडे काहीसे वळले.

या नाटकांचे पत्रक पाहावे. त्यावर नाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत, नटनटींची छायाचित्रे, लेखकाचे व मंडळाचे नाव ही सामग्री असतेच. पण तिच्या जोडीला गावाचे नाव, तारीख, वेळ व तिकिटाचा दरही असतो. भाषाशास्त्रात ‘आज’, ‘येथे’, ‘आम्ही’ यांसारख्या शब्दांना स्थलकालदर्शक म्हणतात. बोलणारा कोण, कोठे व केव्हा बोलतो आहे हे कळल्यावाचून त्यांचा अर्थ पुरा होत नाही. झाडीपट्टीचे पत्रक हे संपूर्णपणे स्थलकालदर्शक लेखन आहे. ते ‘आज रात्री, या गावी, या’ असे म्हणते. दुसऱ्या दिवशी त्याचे काम संपते. पण नेमक्या याच कारणाने ते इतिहासकाराला अमोल असते. कोणते नाटक, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणत्या संचात झाले, हे ते एकाच कागदावर सांगते.

जुन्या चित्रपटाच्या भित्तिपत्रकातही या गुणाचा अंश होता. चित्रपटगृहाचे नाव व प्रदर्शनाचा दिवस यांची पट्टी त्यावर चिकटविली जाई. वेष्टनाचे तसे नाही. कॅसेट कोठेही, केव्हाही, कोणीही पाहावी यासाठीच निघाली. ‘आज’ आणि ‘येथे’ ही दोन्ही पदे तिच्यातून पुसली गेली, आणि त्या जागी निर्मितीचे वर्ष, मूळ भाषा, मूळ प्रदर्शन यांची नोंद व्हावयास हवी होती; ती पुष्कळदा झाली नाही. पत्रक एका रात्रीपुरते बोलते, पण साक्ष ठेवून जाते. वेष्टन कायम टिकण्यासाठी निघते, पण त्याला आपला जन्मकाळ आठवत नाही.

४

या विस्मरणाचा सर्वांत मोठा फटका भाषेला बसला. प्रभातच्या बोलपटांचा प्रारंभच दोन भाषांत झाला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट हिंदीतही निघाला. पुढे ‘कुंकू’ (१९३७) व ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ (१९३९) व ‘आदमी’, ‘शेजारी’ (१९४१) व ‘पडोसी’ अशा जोड्या झाल्या. दोन्ही आवृत्त्या स्वतंत्रपणे चित्रित होत. हिंदी आवृत्ती म्हणजे मराठीवर चढविलेला दुसरा आवाज नव्हे.

‘शेजारी’चे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. मराठीत हिंदू म्हाताऱ्याची भूमिका केशवराव दाते यांनी केली व मुसलमान मित्राची गजानन जागीरदार यांनी. हिंदीत जागीरदार मिर्झाच्याच भूमिकेत राहिले, पण हिंदू ठाकुराचे काम मझहर खान यांनी केले. म्हणजे ‘पडोसी’त हिंदू नट मुसलमान पात्र व मुसलमान नट हिंदू पात्र रंगवितो. धर्मांतील शेजारधर्म हाच ज्या कथेचा विषय, तिच्यात पात्रयोजनेने केलेले हे विधान मराठी आवृत्तीत नाही. एका आवृत्तीचे छायाचित्र दुसरीच्या वेष्टनावर आले, तर केवळ चेहरा बदलत नाही, अर्थ बदलतो.

नावांचेही तसेच. ‘कुंकू’ हे एकच नाम आहे. ते वस्तू सांगते, आणि त्या वस्तूभोवतीचा सर्व आचार मराठी वाचकाच्या मनात आपोआप जागा होतो. ‘दुनिया न माने’ हे वाक्य आहे. त्यात विरोधाचे विधान उघड आहे. विजोड विवाहास नकार देणाऱ्या तरुणीची कथा एकच, पण पहिल्या नावात तिचे सौभाग्यचिन्ह पुढे उभे राहते व दुसऱ्यात तिच्यासमोरचे जग. वेष्टनाच्या कण्यावर ही नावे बहुधा रोमन लिपीत छापली जातात. त्या लिपीच्या नित्याच्या लेखनात ‘माणूस’मधील ण आणि न यांचा भेद उरत नाही, ऱ्हस्वदीर्घही उरत नाही. एकच नाव दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, आणि ग्रंथालयाच्या सूचीत एका चित्रपटाचे दोन चित्रपट होतात.

५

कायद्याची दृष्टी येथे पाहण्यासारखी आहे. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियमात ५२-क हे कलम आले. त्यानुसार व्हिडिओ चित्रपटाच्या वेष्टनावर प्रमाणपत्र आवश्यक असल्यास त्याची प्रत, चित्रफीत तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, परवानगी घेतल्याची घोषणा आणि हक्कदाराचे नाव व पत्ता असावयास हवा. त्याच कलमात ध्वनिमुद्रणासाठी प्रथम प्रकाशनाचे वर्षही सांगितले आहे. चित्रफितीसाठी ते सांगितलेले नाही. कायद्याचा हेतू चोरट्या प्रतींना आळा घालण्याचा होता, इतिहास नोंदविण्याचा नव्हता. म्हणून वेष्टनावरून चित्रपटाचा मालक कळतो. त्याचे वय कळेलच असे नाही.

६

यावरून काही निष्कर्ष निघतात. वेष्टन हे १९३७ किंवा १९४१ चे साधन नव्हे. ते १९८५ चे किंवा २००७ चे साधन आहे. जुन्या चित्रपटाविषयी नव्हे, तर उत्तरकाळाने त्या चित्रपटाकडे कसे पाहिले याविषयी ते साक्ष देते, आणि त्या मर्यादेत ती साक्ष खरी असते. म्हणून चित्रपटाचा आधार देताना आवृत्तीची भाषा, वर्ष व नटसंच हे वेष्टनावरून न घेता चित्रपटाच्या श्रेयनामावलीवरून घ्यावे. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत जी शिस्त आपण पाळतो, तीच येथे पाळावी.

दुसरा निष्कर्ष आपल्या प्रदेशाशी संबंधित आहे. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला. जपून ठेवलेलेही कसे नाहीसे होते, हे त्या घटनेने दाखविले. झाडीपट्टीची पत्रके तर जपण्यासाठी छापलीच जात नाहीत. ती भिंतीवर लागतात आणि पावसाळ्यात जातात. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नेमके हे दोन जिल्हे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका हंगामात आपापल्या गावचे प्रत्येक पत्रक जमवून, त्याच्या पाठीमागे ते मिळाल्याचे ठिकाण नोंदवून, विभागात आणून ठेवले, तर खर्च काहीच नाही. ज्या कागदावर गाव व तारीख आहे तो कागद आपण टाकून द्यावा, आणि ज्यावर दोन्ही नाहीत तो कपाटात ठेवावा, हा उलटा व्यवहार संशोधन करणाऱ्यांनी तरी चालू ठेवू नये.