वनौषधींचे प्रमाणीकरण व स्थैर्यपरीक्षण

परंपरागत वनौषधींची ओळख, शुद्धता व घटकप्रमाण ठरावीक निकषांवर तपासण्याची आणि साठवणीत त्यांचे गुण किती काळ टिकतात हे मोजण्याची पद्धत. मुदतीचा विचार जुनाच आहे : शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाला दोन महिने, गुटी व अवलेहाला एक वर्ष दिले आहे, आसवे मात्र जुनी तितकी चांगली. वैद्य स्वतः औषध कुटत होता तोवर एवढे पुरत असे. धूतपापेश्वर (पनवेल, १८७२) यांसारखे कारखाने निघाल्यावर औषध व रोगी यांच्यामध्ये गोदाम आले. १९६४ मध्ये आयुर्वेदीय औषधांसाठी औषध कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले (→ औषधिकोश).

वनस्पतीची ओळख, राख, ओलावा, जड धातू व सूचक घटक तपासतात. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळलेली सूक्ष्मदर्शकाखाली उघडी पडते. त्वरित स्थैर्यपरीक्षणात नमुना ४० अंश से. व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. चलथाणसारख्या (सुरत जिल्हा) पावसाळी, दमट भागात ही कसोटी नुसती कागदी नव्हे. औषधाचा गुण समग्र असतो, एका घटकाने तो मोजता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण सूचक घटक गुण सिद्ध करण्यासाठी नसून दोन घाण्यांतील सारखेपणा पाहण्यासाठी असतो. तोही एकटा फसवतो. त्रिफळाचूर्ण ओलावा धरून गोळा होते, त्यातील टॅनिने फुटून गॅलिक आम्ल सुटते. म्हणजे केवळ त्याचे प्रमाण पाहिल्यास बिघडलेले चूर्ण अधिक सकस दिसेल. म्हणून वर्णलेखनाचा संपूर्ण आलेख पाहणे इष्ट (→ वर्णलेखन, त्रिफळा).