मुलांचा ताबा : आपल्या कायद्याचा मागोवा

आर्णीसारख्या गावातील ख्रिस्ती दांपत्य विभक्त होते, तेव्हा मुले कोणाजवळ राहावीत हा प्रश्न १८६९ च्या घटस्फोट कायद्यापाशी येऊन ठेपतो. इंग्रजी कायद्याने पूर्वी अपत्यांवर बापाचाच हक्क मानला होता. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन हिची मुले पतीने तिच्यापासून दूर ठेवली. तिच्या झगड्यामुळे १८३९ साली सात वर्षांखालील मुलांसाठी आईला न्यायालयात दाद मागता येऊ लागली. १८६९ च्या कायद्याने निर्णय न्यायाधीशांच्या विवेकावर सोपविला. पण त्याची 'अज्ञान मुला'ची व्याख्या पाहावी : 'नेटिव्ह' बापाचा मुलगा सोळा वर्षे पूर्ण होईतो अज्ञान, मुलगी अवघी तेरा, इतरांची अविवाहित अपत्ये मात्र अठरापर्यंत. तेरा वर्षांची आपली लेक कायद्याच्या लेखी सज्ञानच!

'ताबा' हा शब्दही शेताघराला शोभणारा. १९७३ साली रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत. त्यांचे हित सर्वांत महत्त्वाचे. २००१ च्या दुरुस्तीने मुलांच्या पोटगी-शिक्षणाचे अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढण्यास सांगितले. ताब्याच्या अर्जाला ती मुदत नाही. दूर राहणाऱ्या पालकाने मुलाला कधी भेटावे, याविषयी तर कलमांत अवाक्षर नाही. भेटीचे वार आणि वेळ न्यायाधीशच हुकूमनाम्यात घालीत आले. तान्ह्या मुलाला तेवढ्या दिरंगाईत बापाचा चेहराही परका होतो.

ख्रिस्तसभेच्या न्यायपीठाने विवाह मुळातच अवैध ठरविला, तर मुले अनौरस ठरतील, ही भीती कित्येक कुटुंबांत आढळते. ती निराधार आहे. दोघांपैकी एकाने जरी तो विवाह सद्भावनेने केला असेल, तरी कॅनन लॉच्या ११३७ व्या नियमानुसार अपत्ये औरसच. ताबा मात्र दिवाणी न्यायालयच ठरविते.