पंचेचाळिशीतली गाडी: वयाचा प्रश्न की काळाचा?

स्वप्नातली गाडी माणूस पंचेचाळिशीत घेतो. का? "पोरांची शिक्षणं झाली, हातात पैसा आला," हे उत्तर पटकन सुचतं. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबायला हवं.

परभणीचं उदाहरण घेऊ. मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे १९७२ मध्ये स्थापन झालं. समजा, त्या वर्षी कोणी पंचविशीत तिथे नोकरीला लागलं. तेव्हा घ्यायची म्हटली तर गाडी कुठली? अँबेसेडर, नाहीतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जी पुढे 'पद्मिनी' झाली. उत्पादन सरकारी परवान्यात बांधलेलं, विक्रीवर १९५९ च्या आदेशाचं नियंत्रण. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिलाही रांग लागलीच. कार उद्योगावरचा परवाना उठला १९९३ मध्ये. तोवर आपला माणूस ४६ वर्षांचा!

म्हणजे त्याचं मध्यमवय आणि बाजार खुला होणं, दोन्ही एकदमच आलं. मग उशीर वयामुळे झाला की धोरणामुळे? एकाच पिढीकडे बघून हे सांगता येत नाही. म्हणून तुलना करायची: २००३ मध्ये पंचविशीत नोकरीला लागलेल्यांनी पहिली गाडी कितव्या वर्षी घेतली? त्यांनीही पंचेचाळिशीच गाठली असेल, तर वयाचा मुद्दा बळकट होतो. तिशीतच घेतली असेल, तर काळाचा. पगार आणि कर्जाची सोय मात्र दोन्हीकडे तपासावी लागेल.

आता साधनं. आरसी बुकात नोंदणीची तारीख मिळते, बँकेचा बोजा दिसतो. पण नुसत्या एमएच-२२ क्रमांकावर विसंबू नका. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तरी नंबर तोच राहतो, त्यामुळे परभणीत फिरणारी जुनी गाडी पुण्याच्या क्रमांकाचीही असू शकते. फक्त नव्या नोंदणीचे आकडे मोजले, तर सेकंडहँड घेतलेली स्वप्नं हिशेबातून गळतात. त्यासाठी मालकी हस्तांतरणाच्या नोंदी बघा.

आणि मुलाखत घेताना "गाडी कधी घेतली?" एवढंच विचारू नका. "घ्यावीशी कधी वाटली? नंबर कधी लावला?" हेही विचारा. या तारखा आरसी बुकात नसतात. आपला खरा विषय मात्र त्या मधल्या वर्षांतच आहे.